चौथ्या विषयाचे तास कुठून येतात?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते आणि सांगलीला ज्युनिअर कॉलेजात अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. दहावीला चांगले मार्क पडले, म्हणून सगळे म्हणाले, 'दोन्ही रस्ते मोकळे ठेव', आणि मी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी असा पीसीएमबी ग्रुप घेतला. क्लासही लावलाय. सकाळी साडेसहाच्या एसटीनं निघते, घरी यायला संध्याकाळचे सहा वाजतात. कॉलेजात एक प्रकरण चालू असतं, क्लासमध्ये भलतंच. जर्नलं अर्धवट पडली आहेत. पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये २५ पैकी ९ पडले. पण आमच्याच वर्गात दोघं-तिघं असे आहेत, की चारही विषय घेऊन वर संध्याकाळी खेळायलाही जातात. त्यांना हे जमतं कसं, याचं मला खरोखर कुतूहल आहे. त्यांचा मेंदू वेगळा असतो की अभ्यासाची पद्धत?

उत्तर : मेंदूकडे नंतर येऊ. आधी तुझं घड्याळ बघू, कारण उत्तराचा मोठा भाग तिथेच आहे.

संध्याकाळी सहाला घरी आल्यावर हातपाय धुणं, चहा, घरातलं थोडं काम, जेवण हे सगळं वजा कर. साडेपाचला उठायचं तर दहाला झोपायलाच हवं. म्हणजे रोज जेमतेम अडीच तास तुझे स्वतःचे. सहा दिवसांचे पंधरा, आणि रविवारी सकाळी क्लासची टेस्ट असेल तर ती देऊन आल्यावर पाच. आठवड्याला वीस तास झाले. त्यातले चार तास भाषा, जर्नलं, पर्यावरणाचा प्रकल्प यांत जातात, आणि ते जाणारच. उरले सोळा. चार विषयांत वाटले तर प्रत्येकाला चार तास. तीनच विषय असते तर प्रत्येकाला पाच तास वीस मिनिटं मिळाली असती. म्हणजे चौथा विषय बाकीच्या तिन्हींकडून दर आठवड्याला एक तास वीस मिनिटं घेतो. वर्षातले चाळीस आठवडे धरले तर प्रत्येक विषयाचे पन्नासाहून जास्त तास होतात. विषय निवडताना हा हिशेब मुलांसमोर कुणी मांडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. 'दोन्ही रस्ते मोकळे ठेव' हे सांगणाऱ्याला त्यासाठी काही द्यावं लागत नाही, तुला मात्र द्यावं लागतं.

आता त्या दोघा-तिघांकडे बघ. त्यांची घरं कॉलेजपासून किती लांब आहेत? सायकलवर दहा मिनिटांत पोचणाऱ्या मुलाला तुझ्यापेक्षा रोज पावणेदोन-दोन तास जास्त मिळतात, आठवड्याला दहाच्या वर. ती मुलं सेमी-इंग्लिशची किंवा सीबीएसईची आहेत का? महाराष्ट्रात अकरावीपासून विज्ञान इंग्रजीत शिकवलं जातं. ज्यांनी आठवीपासून ते इंग्रजीतच वाचलंय त्यांना पुस्तकाचं एक पान वाचायला लागणारा वेळ आणि तुला लागणारा वेळ यांत आज मोठा फरक आहे. तो कायम राहत नाही. मराठी माध्यमातून आलेली मुलं वर्गात मी वर्षानुवर्षं बघतो आहे. दिवाळीच्या आसपास वाचनाला वेग येतो आणि मग त्यांची घोडदौड सुरू होते. म्हणून पहिल्या युनिट टेस्टच्या ९ मार्कांवरून स्वतःबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नकोस. नववी-दहावीची मराठी विज्ञानाची पुस्तकं जवळ ठेव, बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, भिंगं यांची प्रकरणं आधी तिथे वाचायची आणि मग इंग्रजी पान उघडायचं. कल्पना ओळखीची असली की परकी भाषा फारशी आडवी येत नाही.

तर, त्यांचा मेंदू वेगळा नसतो. त्यांच्याजवळ तास जास्त असतात, आणि त्यांतल्या एखाद्याजवळ पद्धतही असते. तास आपल्याला पूर्णपणे बदलता येत नाहीत. पद्धत येते, आणि विषयांचा निर्णयही आपला असतो.

निर्णयाचं आधी बोलू. चारही विषय कुणाला खरोखर लागतात? ज्याला विज्ञानातच पुढे शिकायचंय, त्याला. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांची जी प्रवेश परीक्षा असते, तिच्यात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायॉलॉजी यांचे प्रत्येकी १५, असे एकूण ६० प्रश्न असतात. तो रस्ता तुझ्या मनात असेल, किंवा दोन्ही विषयांत तुला मनापासून गोडी असेल, तर पीसीएमबी जरूर ठेव. पण 'इंजिनिअरिंग की मेडिकल हे ठरत नाही' एवढंच कारण असेल, तर ते ठरवायला दोन वर्षं नको आहेत, चार महिने पुरतात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एक साधी गोष्ट बघ : कंटाळलेली असताना तू कुठली वही उघडतेस? मॅथ्सचं गणित अडलं तर चिडून पुन्हा करतेस की सोडून देतेस? बायॉलॉजीत पेशीची आकृती काढताना वेळ कसा जातो? याचं उत्तर तुझं तुला मिळेल. मॅथ्स सोडलं तर इंजिनिअरिंग बंद, एनडीएतून हवाई दल किंवा नौदलही बंद. बायॉलॉजी सोडलं तर नीटवरून होणारे वैद्यकीय प्रवेश बंद. फार्मसी दोन्ही बाजूंनी उघडी राहते. विषय बदलायची मुदत कॉलेजच्या ऑफिसात आत्ताच विचारून ठेव, ती निघून गेल्यावर कुणाच्या हातात काही राहत नाही.

परीक्षांचंही तसंच आहे. जेईई, नीट आणि सीईटी या तिन्हींचा अभ्यास एकत्र होतो असं क्लासवाले सांगतात. अभ्यासक्रम बराचसा सारखा आहे हे खरं, पण खेळ वेगळे आहेत. जेईई मेनला ७५ प्रश्नांना तीन तास, म्हणजे एका प्रश्नाला जवळजवळ अडीच मिनिटं. तिथे दोन-तीन कल्पना जोडून विचार करावा लागतो. नीटला १८० प्रश्नांना १८० मिनिटं, त्यांतले ९० बायॉलॉजीचे, आणि चुकलं की एक गुण जातो. आपल्या सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि अकरावीवर फक्त २० टक्के प्रश्न असतात, फिजिक्सच्या ५० पैकी १०. राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते, बारावीला पीसीएममध्ये खुल्या गटाला ४५ टक्के असले की पात्रता झाली. आयआयटी-एनआयटीला मात्र बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की तिघींतली एक परीक्षा मुख्य ठरव. बाकीच्या दे, पण त्यांच्यासाठी वेगळी टेस्ट सिरीज लावू नकोस.

कॉलेजात एक प्रकरण आणि क्लासमध्ये दुसरंच, या तुझ्या तक्रारीमागे एक साधं कारण आहे, ते फार थोड्या मुलांना कुणी समजावून सांगतं. जेईई-नीटचे क्लास एनसीईआरटीच्या क्रमानं जातात, कॉलेज महाराष्ट्र बोर्डाच्या. आपल्या बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात १६ प्रकरणं आहेत. त्यांतली पहिली सहा बघ : रोटेशनल डायनॅमिक्स, फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स आणि सुपरपोझिशन ऑफ वेव्ह्ज. हे विषय एनसीईआरटीत अकरावीला आहेत. उलट ऑप्टिक्स, इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि विद्युतप्रवाह आपल्याकडे अकरावीत सुरू होतात, ते एनसीईआरटीत बारावीला. त्यामुळे तुला वाटतं की आपण दोन वेगवेगळ्या परीक्षांचा अभ्यास करतोय. प्रत्यक्षात तोच माल दोन वर्षांत वेगळ्या क्रमानं तुझ्यापर्यंत येतोय.

मग करायचं काय? एक मोठा कागद घे, मधे उभी रेघ मार. डावीकडे बोर्डाच्या दोन्ही वर्षांची प्रकरणं, उजवीकडे क्लासची. एकाच विषयाची दोन्हीकडची नावं रेघांनी जोड. क्लासमध्ये यंदा रोटेशन झालं की त्याच आठवड्यात बारावीचं बोर्डाचं पुस्तक उघडून त्यातली डेरिव्हेशन्स आणि व्याख्या एका वेगळ्या वहीत उतरवून ठेव. क्लासच्या नोट्समध्ये बोर्डाला लागणारी सविस्तर मांडणी सहसा नसते, आणि बोर्डाच्या ७० मार्कांच्या लेखी पेपरात बहुपर्यायी प्रश्न फक्त १० मार्कांचे असतात, बाकी सगळं लिहायचं असतं. अकरावी संपताना तुझ्याकडे बारावीच्या सहा प्रकरणांची वही तयार असेल. जे आज दुप्पट ओझं वाटतंय, तीच बारावीची आगाऊ तयारी झालेली असेल. केमिस्ट्रीचाही असाच कागद कर. तिथे फरक कमी आहे.

आता पद्धत. क्लासमध्ये बसलेला वेळ आणि अभ्यासाचा वेळ एकच, असं मुलं धरून चालतात, पालक तर धरतातच. सर फळ्यावर गणित सोडवतात तेव्हा अभ्यास सरांचा होतो. तुझा होतो तो त्या अडीच तासांत.

अकरावीतलंच एक उदाहरण घेऊ : एस्केप व्हेलॉसिटी. पृथ्वीवरून वस्तू किती वेगानं फेकली तर ती परत येणार नाही? ही मांडणी छोटी आहे, वाचताना सगळं पटत जातं. आता पुस्तक मीट आणि कोऱ्या पानावर लिही. बहुतेकांचं पेन दुसऱ्या ओळीला अडतं. पोटेन्शिअल एनर्जीला उणे चिन्ह का? एकूण ऊर्जा शून्य का धरायची? पुस्तक उघडू नकोस. पाच मिनिटं त्या दोन 'का'वर घाल. वस्तू अनंत अंतरावर पोचते तेव्हा तिच्याकडे वेगही उरलेला नाही आणि तिथे पृथ्वीची ओढही नाही, म्हणून तिथली बेरीज शून्य. ऊर्जा वाटेत कुठे हरवत नाही, म्हणजे जमिनीवरून निघतानाही बेरीज शून्यच असली पाहिजे. आणि अनंताला शून्य मानलं तर पृथ्वीजवळ येताना पोटेन्शिअल एनर्जी शून्याखाली उतरत जाते, म्हणून उणे. हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की सूत्र पाठ करावं लागत नाही, आपोआप पानावर येतं. मग सीईटीत 'ग्रहाचं वस्तुमान चौपट, त्रिज्या तेवढीच, तर एस्केप व्हेलॉसिटी किती पट?' असं आलं तर वस्तुमान वर्गमुळात आहे हे तुला दिसतं आणि 'दुप्पट' हे उत्तर ५४ सेकंदांच्या खूप आधी येतं.

यामागे चांगलं संशोधन आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं : पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा पुन्हा वाचताना 'मला येतंय' असं वाटत राहतं आणि तेच फसवं असतं. तुझ्याकडे तास कमी आहेत म्हणून ही पद्धत तुला इतरांपेक्षा जास्त गरजेची आहे. रोज एका विषयाचा तास आधी पुस्तक मिटूनच सुरू कर : कालचं काय आठवतंय ते लिही, मग पुस्तक उघड.

बाकीचं थोडक्यात. जर्नल प्रयोग झाला त्याच दिवशी लिही. निरीक्षणं ताजी असताना वीस मिनिटांत होतं, महिन्यानं दुसऱ्याचं बघून उतरवायला तास लागतो, आणि बारावीला प्रॅक्टिकलचे ३० मार्क असतात. एसटीत बायॉलॉजीच्या आकृत्यांवरून नजर फिरव किंवा सरळ डोळे मिट, दोन्ही चालेल. गणितं करू नकोस. रविवारची एक संध्याकाळ पूर्ण मोकळी ठेव आणि तीत काय करायचं हे कुणाला विचारू नकोस.

आणि एक. ओझं वाटणं वेगळं आणि रोज रात्री रडू येणं, जेवण न जाणं, कॉलेजला जायची भीती वाटणं वेगळं. तसं होऊ लागलं तर आईला किंवा वर्गशिक्षकांना त्याच दिवशी सांग. सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : सायन्सला बायफोकल घेतलं तर ओझं कमी होतं का? (कोल्हापूर)

उत्तर : ज्याचं मेडिकलला जायचं नाही हे नक्की आहे, त्याचं होतं. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा बायफोकल विषय २०० मार्कांचा असतो आणि त्यातले निम्मे मार्क प्रॅक्टिकलचे. त्याच्या बदल्यात दुसरी भाषा आणि एक विषय, बहुतेक वेळा बायॉलॉजी, सुटतो. अट एकच : कॉलेजात लॅब रोज उघडी असली पाहिजे आणि शिकवणारा माणूस कायमचा असला पाहिजे. प्रवेशाआधी लॅबमध्ये स्वतः जाऊन बघा, त्याच कॉलेजातल्या बारावीच्या मुलांशी बोला.

प्रश्न : माझा मुलगा नाशिकला बारावीत आहे. रात्री बारापर्यंत जागतो आणि पहाटे काही केल्या उठत नाही. आम्ही पहाटे चारला उठून अभ्यास केला. पहाटेचा अभ्यास डोक्यात राहतो, हे खरं ना? त्याला उठवू का?

उत्तर : नका उठवू. पहाटे मन ताजं असतं ते झोप पूर्ण झालेली असते म्हणून. तुम्ही चारला उठत होतात तेव्हा रात्री किती वाजता झोपत होतात, ते आठवून बघा. नऊला झोपणाऱ्याची चारला सात तास झोप झालेली असते. बाराला झोपलेल्या मुलाला चारला उठवलं तर त्याची झोप चार तास होते, आणि दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं काम झोपेत चालतं, तेच तुटतं.

शिवाय यात त्याचा आळस नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात रात्री उशिरा वाढू लागतं, त्यामुळे लवकर आडवं झालं तरी झोप येत नाही. ब्राऊन विद्यापीठातल्या मेरी कार्स्कॅडन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीनं २०१६ साली १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी आठ ते दहा तास झोप सुचवली आहे. आपल्याकडे २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते चांगलंच झालं. पण ज्यांचं घड्याळ सर्वांत जास्त पुढे सरकलेलं असतं त्या अकरावी-बारावीच्या मुलांची ज्युनिअर कॉलेजं कित्येक ठिकाणी सातलाच भरतात. या मुलांचा विचार कुणीतरी करायला हवा, असं मला तळमळीनं वाटतं.

तोवर घरात करता येण्यासारखं आहे. मुलगा बारापर्यंत नक्की काय करतो हे त्याच्याशी शांतपणे बोलून बघा. क्लास रात्री नऊला सुटत असेल, घरी येऊन जेवायला दहा वाजत असतील, तर अभ्यासाला बसायची वेळच साडेदहा होते आणि दोष त्याच्याकडे जात नाही. क्लासमध्ये दुपारची बॅच मिळते का विचारा. जेवण शक्य तर क्लासच्या आधी द्या, आल्यावर फक्त दूध. शेवटचा अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या, आणि घरातल्या मोठ्यांचेही तिथेच. झोपायची वेळ एकदम नऊवर आणायला जाऊ नका. आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणा, साडेदहा-पावणेअकरावर थांबलात तरी पुष्कळ झालं. बोर्डाचा पेपर सकाळी अकराला असतो. त्याला साडेसहाला उठून ताज्या डोक्यानं तो देता येईल, चारला उठायची त्यासाठी गरज नाही.